खंडेनवमीचे पिस्तूल

आश्विन शुद्ध नवमीस आमच्या घरी शस्त्रपूजा होते. शस्त्रे म्हणजे काय, तर विळी, कोयता, कुदळ, पहार, अडकित्ता आणि पाते अर्धे झिजलेली एक तलवार. सोप्यावर सारवलेल्या जागी पाट मांडावा, त्यावर खण अंथरावा, हत्यारे ओळीने ठेवावीत, पाण्याने प्रोक्षण करावे, हळदकुंकू वाहावे, झेंडूची फुले ठेवावीत आणि नारळ वाढवावा, हा क्रम आम्ही समजू लागल्यापासून पाहत आलो. या सर्वांच्या मधोमध, जणू लवाजम्यातील राजा, असे एक आखूड नळीचे पिस्तूल असे. त्याचा मान पहिला. त्याला हळदकुंकू लागल्यावाचून कोयत्याला फूल मिळत नसे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, गोव्याकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत. गावच्या देवस्थानाची वहिवाट आमच्या पणजोबांकडे होती. जत्रेच्या रात्री देवाचे दागिने भांडारातून निघून पालखीत चढत आणि पहाटे परत येत, तोवर पणजोबा कमरेच्या पट्ट्यात हे पिस्तूल खोवून पालखीच्या उजव्या अंगास चालत, असे जुनी माणसे सांगत. पणजोबांमागून ते आजोबांच्या परवान्यावर आले, आजोबांमागून थोरल्या काकांच्या. पालखीबरोबर पिस्तूल नेण्याची चाल आजोबांच्याच काळात मोडली. परंतु नवमीची पूजा मात्र चालू राहिली.

या पिस्तुलाची कथा थोरले काका दरवर्षी पूजा आटोपल्यावर सांगत. आमचे खापरपणजोबा नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या पदरी होते. संस्थानिकाला दत्तक घेण्याची परवानगी इंग्रजांनी नाकारली, हत्यारे हिसकावण्याचा कायदा आणला, आणि १८५८ च्या मे अखेरीस सुरेबानच्या मुक्कामी रात्रीच्या वेळी बाबासाहेबांनी पोलिटिकल एजंट मॅन्सन याला गाठून ठार केले. त्या रात्री मॅन्सनसाहेबाच्या उशाशी जे पिस्तूल सापडले, ते खापरपणजोबांनी उचलले. पुढे जून महिन्यात बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिले गेले तेव्हा खापरपणजोबा हे पिस्तूल धोतराच्या घोळात लपवून रानावनातून गावी परतले. ही कथा सांगताना काकांचा आवाज घोगरा होई. आम्हा मुलांच्या अंगावर काटा येई. मग एकेकाने ते पिस्तूल हाती घ्यावे, डोळा मिटून भिंतीवरच्या पालीवर नेम धरावा, चाप ओढून पाहावा. चाप गंजलेला. तो हलत नसे. काका म्हणत, "ओढा हो खुशाल, रिकामे आहे ते."

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो. सुरेबानची हकीकत इतिहासात आहे आणि ती खरी आहे. परंतु तिला आमचे पिस्तूल जोडणारा कागद कोणताही नव्हता. असे असूनही काही वर्षांमागे देवस्थानाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा आम्ही ही कथा मोठ्या अलंकारिक भाषेत लिहून दिली. पिस्तुलाचे छायाचित्रही छापले गेले. तो लेख वाचून परगावचे दोन-चार सद्गृहस्थ मुद्दाम घरी येऊन पिस्तुलाला नमस्कार करून गेले. त्यांच्या त्या जोडलेल्या हातांचे ओझे आजही आमच्या मनावर आहे, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारणही तेच.

गेल्या वर्षी थोरले काका गेले. त्यांना अपत्य नव्हते. पुतण्यांत आम्ही वडील, म्हणून दिवसकार्य उरकल्यावर कपाटाच्या किल्ल्या आमच्या हाती आल्या आणि त्यांसोबत ते पिस्तूलही. भांडी, कागद, घड्याळ या वस्तू वारसाकडे आपोआप येतात. हत्यार तसे येत नाही. परवाना हा माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की परवाना संपतो, आणि घरात राहिलेले हत्यार बेकायदा ठरू लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा वेळी वारसाने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. मग ठेवावयाचे असेल तर स्वतःच्या नावे परवाना मागावा, नसेल तर विकावे अथवा सरकारजमा करावे. आम्ही ठाण्यात वर्दी दिली, लेखी नोंद घेतली आणि पिस्तूल बेळगावास एका जुन्या विक्रेत्याकडे जमा केले. धाकट्या बंधूंनी निघताना एवढेच सांगितले, "दादा, जमा करतोच आहोस तर त्याची किंमतही काढून आण. सत्तावन्नच्या काळची वस्तू आहे. लाखांच्या घरात जाईल." त्यांच्या कन्येचे शिक्षण त्या वेळी अर्ध्यावर होते आणि फीचा आकडा मोठा होता. त्यांचे बोलणे आम्हांस लोभाचे वाटले नाही.

त्या दुकानी एक वृद्ध कारागीर बसत. सैन्याच्या शस्त्रशाळेत उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेले. दुकानातील पोरे त्यांना सुभेदारकाका म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्ही पिशवीतून पिस्तूल काढून, नरगुंदच्या कथेस आरंभ करणार, तोच त्यांनी हात वर करून आम्हांस थांबविले. पिस्तुलाचे तोंड त्यांनी आधी रिकाम्या भिंतीकडे वळवले. मग विचारले, "भरलेले आहे का?"

"छे! कित्येक वर्षांत कोणी हात लावलेला नाही."

"कोणी उघडून पाहिले होते?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. काकांनी सांगितले म्हणून रिकामे. काकांना आजोबांनी सांगितले असावे म्हणून रिकामे. काडतुसांच्या फिरत्या सिलिंडराची तोंडे कुंकू आणि तेल यांच्या थरांनी लिंपून गेली होती. मागील बाजूस लोखंडी ढाल, तिच्यात काडतूस घालण्याची एक लहानशी झडप, आणि ती झडप गंजाने जाम. सुभेदारकाकांनी सांध्यांत तेल सोडले आणि दोन दिवसांनी येण्यास सांगितले.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा त्यांच्या मेजावर सिलिंडर सुटा काढून ठेवलेला होता आणि त्याच्याशेजारी वाटीत एक हिरवट पडलेले काडतूस. पाच घरांपैकी चार रिकामी होती. पाचव्यात हे. पितळेला कळंक चढलेला, गोळी पांढुरकी झालेली, पण टोपीवर घोड्याचा घाव उमटलेला नव्हता. म्हणजे काडतूस झडलेले नव्हते. आत दारू होती.

आम्ही खुर्चीवर बसलो तो काही वेळ बोललोच नाही. डोळ्यांपुढे सोप्यावरची पंगत उभी राहिली. नवमीच्या दिवशी ते पिस्तूल कोणाकोणाच्या हाती गेले नव्हते? आम्ही स्वतः ते धाकट्या बंधूंच्या कपाळाला लावून चाप ओढला होता. त्या वेळी ते सात वर्षांचे असतील. सुभेदारकाकांना आमची मुद्रा पाहून कळले असावे. ते म्हणाले, "इतक्या जुन्या दारूचा भरवसा नाही, ती पेटेलही, न पेटेलही. पण तुमच्या घरावर उपकार कुणाचे असतील तर या गंजाचे. गंजाने घोडा धरून ठेवला." आणि मग, जणू वर्गात शिकवत आहेत अशा स्वरात, "जुने हत्यार हाती आले की ते भरलेले आहे असेच समजायचे. कोणी काही सांगो."

यानंतर ओळख पटविण्याचे काम सुरू झाले. आम्ही नरगुंदची कथा सांगितली. सुभेदारकाकांनी ती शेवटपर्यंत ऐकली, मध्ये हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. मग त्यांनी वाटीतील काडतुसाकडे बोट दाखविले. "साहेब, ही कथा इथेच संपते."

त्यांनी जे समजावून दिले ते थोडक्यात असे. १८५८ साली इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असू शकत होते. अमेरिकेचा कोल्ट आणि विलायतेचा ॲडम्स या दोघांनीही आपापली रिव्हॉल्व्हरे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली होती आणि ब्यूमाँट-ॲडम्स जातीचे रिव्हॉल्व्हर इंग्रजी फौजेने १८५६ मध्ये स्वीकारले होते. परंतु त्या काळच्या या हत्यारांत पितळी काडतूस नव्हे. सिलिंडरच्या पुढल्या तोंडाने प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासावयाची, आणि मागल्या बाजूस प्रत्येक घराला जी बारीक खुंटी असते तिच्यावर तांब्याची टोपी बसवावयाची. घोडा त्या टोपीवर आपटला की ठिणगी आत जाई. धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ मध्ये अमेरिकेत काढले खरे, पण ते फार लहान बोअरचे होते. आणि ज्याच्या टोपीवर मधोमध आघात होतो असे, आमच्या वाटीतल्यासारखे काडतूस रिव्हॉल्व्हरांत रुळले ते पुढच्या दशकाच्या अखेरीस. आमच्या हत्यारात खुंट्या नव्हत्या, ठासणीचा दांडा नव्हता. होती ती काडतुसाची झडप. सुरेबानच्या रात्री असे हत्यार जगात कोणाच्याच उशाशी असणे शक्य नव्हते.

"मग हे कोणते?" आम्ही विचारले. आवाज आमचा आम्हांसच परका वाटला.

त्यांनी मऊ फडक्याने वरच्या पट्टीवरील मळ पुसला. तेथे इंग्रजी अक्षरे होती: 'ब्रिटिश बुलडॉग'. ही अक्षरे आम्हांस ठाऊक होती. थोरले काका हाच मॅन्सनसाहेबाचा पुरावा म्हणून दाखवीत. सुभेदारकाका म्हणाले, "बुलडॉग ही जात बर्मिंगहॅमच्या वेब्लीने १८७२ मध्ये काढली. आखूड नळी, पाच घरे, खिशात मावणारे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच जातीच्या हत्याराने. खपू लागले तशा त्याच्या नकला निघाल्या, आणि नकलांवरही नाव तेच. नावावर जाऊ नका. नाव कोणीही कोरतो. शिक्का पाहा."

भिंगाखाली सिलिंडरच्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढा एक लंबगोल दिसला. त्यात तीन अक्षरे, ई, एल, जी, आणि त्यांच्या माथ्यावर लहानसा मुकुट. हा बेल्जममधील लिएज शहराच्या परीक्षागृहाचा शिक्का. प्रत्येक नळी प्रमाणाबाहेर दारू भरून झाडून पाहावयाची आणि फुटली नाही तरच तिच्यावर शिक्का उठवावयाचा, असा तेथील कायदा. विलायतेत लंडन आणि बर्मिंगहॅम येथे अशीच परीक्षागृहे आहेत. बर्मिंगहॅमचे १८१३ पासूनचे. आमच्या पिस्तुलावर बर्मिंगहॅमचा शिक्का नव्हता. म्हणजे ते वेब्लीचे नव्हे, लिएजची नक्कल. आणि लिएजच्या शिक्क्यावर मुकुट चढला तो १८९३ मध्ये. नळीवर मुकुटधारी 'आर' हे आणखी एक अक्षर सापडले. आतून आटे पाडलेल्या नळीची ती खूण १८९४ पासूनची. म्हणजे नरगुंदचे बाबासाहेब फासावर गेल्यानंतर किमान ३६ वर्षांनी हे हत्यार जन्मास आले.

एवढा मोठा इतिहास ज्वारीच्या दाण्याएवढ्या शिक्क्याने पुसून टाकावा! आम्हांस राग कोणाचा आला हे सांगता येत नाही. शिक्क्याचा मात्र नाही. तो तेथे पहिल्यापासून होता. आम्हीच त्यावर कुंकू लावीत होतो.

मूल्याची गोष्ट मग फार वेळ चालली नाही. तथापि ती सांगण्यासारखी आहे, कारण पुष्कळ घरांत असा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो. सुभेदारकाकांचे म्हणणे असे, की जुन्या हत्याराची किंमत वयावर ठरत नाही. कर्ता कोण, जात कोणती, सर्व भाग मूळचेच आहेत की बदललेले, भागांवरील क्रमांक परस्परांशी जुळतात की नाही, हे आधी पाहावयाचे. मग प्रकृती: पोलादावरचा मूळचा निळा मुलामा किती शिल्लक आहे, नळीच्या आतले आटे तीक्ष्ण आहेत की गंजाने खाल्ले, घोडा मागे ओढताच सिलिंडरचे घर नळीसमोर येऊन घट्ट बसते की डुलते. मग कागद: ते कोणाचे होते याचा लेखी पुरावा. आणि शेवटी कायदा व काडतूस: ते बाळगता येईल काय, आणि त्याला लागणारे काडतूस मिळेल काय. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात परदेशी हत्यारांची खासगी आयात बंद झाली, तेव्हापासून या देशात खऱ्या वेब्लीसारखे बत्तीस बोअरचे जुने विलायती रिव्हॉल्व्हर सुस्थितीत असेल तर त्याला लाखांत देणारे गिऱ्हाईक मिळते. म्हणून बंधूंचा अंदाज अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. तो वेगळ्या पिस्तुलाचा होता.

आमच्या पिस्तुलाचा कर्ता अनामिक. नळीत खड्डे. घोड्याची कमान दुबळी. बांधणी जुन्या काळ्या दारूच्या बेताची, आजच्या तेज काडतुसाने फुटेल अशी. आणि मुलामा? सुभेदारकाकांनी विचारले, "हे घासत कशाने होता?"

"दसऱ्याआधी चिंच आणि राखेने. तांब्याची भांडी घासतात तसे."

त्यांनी कपाळाला हात लावला. राखेने मुलामा गेला, चिंचेच्या आंबटाने पोलाद उघडे पडले, प्रोक्षणाचे पाणी आणि ओले हळदकुंकू सांध्यांत मुरून गंज धरला. आमच्या भक्तीने त्या हत्याराचे जेवढे नुकसान केले होते तेवढे शत्रूनेही केले नसते. "घासूनच पाहिजे असेल तर बंदुकीचे तेल आणि मऊ फडके," ते म्हणाले, "आणि शक्यतो तेही जाणत्याकडून." सरतेशेवटी त्यांनी आकडा सांगितला: कोणी परवानाधारक हौशी मिळालाच तर पाच हजार; न मिळाला तर लोखंडाचा भाव.

परतीच्या मोटारीत आम्ही बंधूंना काय सांगावे याचा विचार करीत होतो. पाच हजारांचे दुःख थोडे होते. परंतु वाड्यात पुष्कळ काही विकले गेले, वाटण्या झाल्या, कूळकायद्यात जमीन गेली, तरी नरगुंदच्या रणाशी आपला एक धागा आहे, या एका समजुतीवर आमच्या तीन पिढ्या ताठ मानेने चालत होत्या. तो धागा बाजारातला निघाला.

घरी आत्या आलेल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, गोव्यात फोंड्याकडे सासर, त्यामुळे बोलताना मराठीतून कोंकणीत केव्हा जातात ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. सारी हकीकत ऐकून त्या मुळीच चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबांनी ही सुरेबानची गोष्ट कधी सांगितली नाही हो. ती तुझ्या काकांनी मुंजीच्या पंगतीत पहिल्यांदा सांगितली. लोकांना आवडली, मग दरसाल सांगू लागला. बाबा तेव्हा ऐकून उठून आत गेले होते. ते एवढेच म्हणत, की ते पिस्तूल पुरते आपले नव्हे." पुरते आपले नव्हे, म्हणजे काय? ते त्यांनाही ठाऊक नव्हते. मात्र पणजोबांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे, एवढे त्यांना स्मरत होते.

ट्रंकेत देवस्थानाच्या वहिवाटीचे कागद निघाले: भाडेपट्टे, पावत्या, आणि लाल कापडी बांधणीच्या चार रोजकीर्दी. सर्व मोडी लिपीत. आमच्या पिढीला मोडी येत नाही. आम्हांस अंक तेवढे लागतात. गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना मोडी वाचता येते. त्यांना बोलाविले. दोन दुपारी त्यांनी पानामागून पान वाचले. तेलवात, नैवेद्य, वाजंत्री, पुजाऱ्याची बिदागी. आणि शके १८४९ च्या आश्विन शुद्ध सप्तमीस, म्हणजे इसवी सन १९२७ मध्ये, खर्चाच्या बाजूस ही नोंद: छावणीतील लिलावात जुने पिस्तूल नग एक, भांडाराच्या रखवालीस्तव, रुपये चाळीस.

बेळगावच्या छावणीतून बदली होऊन जाणारे साहेबलोक घरसामान लिलावात काढीत. त्या ढिगात खुर्च्या, कंदील, काचेची भांडी यांच्यासोबत हेही पडले असावे. कोणाचे रण नव्हे, कोणाची उशी नव्हे. दुसऱ्याने वापरून टाकलेले, नकली, चाळीस रुपयांचे. आणि ते चाळीस रुपये देवाचे.

आमच्या छातीत धस्स झाले. वाचकहो, आपण सारे देवस्थानाशी बांधलेली माणसे आहोत. देवस्वाला हात लावणे म्हणजे काय हे आपणांस सांगावयास नको. आमच्या घराण्याने देवाची वस्तू जवळजवळ शंभर वर्षे आपली म्हणून मिरविली होती, आणि वर तिला खोटा इतिहास चिकटविला होता. त्या क्षणी आम्हांस पणजोबांच्या तसबिरीकडे पाहवेना.

गुरुजी मात्र वाचीतच होते. पुढल्या वर्षीच्या कीर्दीत त्यांना आणखी एक टिपण सापडले. पंचांच्या बैठकीत असे ठरले होते, की देवाच्या पैशाने हत्यार घेणे उचित नव्हे. सबब ते वहिवाटदारांनी आपल्या नावे करून घ्यावे आणि रक्कम सोयीने भरावी. परवाना पणजोबांच्याच नावाचा असल्यामुळे सरकारदरबारी काही बदलावयाचे नव्हते. आणि मग शके १८५० मध्ये पिस्तुलापैकी जमा रुपये दहा. शके १८५१, जमा रुपये दहा. शके १८५२, जमा रुपये पाच. त्या वर्षी माघात पणजोबा वारले. पुढे वहिवाट दुसऱ्या घराण्याकडे गेली आणि कीर्द आमच्याकडची संपली. बाकी पंधरा रुपये.

'पुरते आपले नव्हे' याचा अर्थ हा होता. आजोबांना बाकी ठाऊक असावी. त्यांनी ती का फेडली नाही, हे आता कोणास विचारणार? त्यांच्यामागे थोरल्या काकांना ठाऊक नव्हते. आणि जेथे कागद वाचला जात नाही तेथे कथा जन्म घेते. पणजोबांचा एक हप्ता दहावरून पाचावर का आला, हेही कीर्द सांगत नाही. पण दुखण्यात पडलेल्या माणसाने पाच रुपये का होईना देवाकडे पोचविले, हे ती सांगते. मॅन्सनसाहेबाच्या उशाशी गेलेल्या काल्पनिक खापरपणजोबांपेक्षा हे पाच रुपये पोचविणारे पणजोबा आम्हांस त्या दुपारी अधिक जवळचे वाटले.

आता पंधरा रुपयांचे करावयाचे काय? घरात बैठक बसली. चुलतबंधू म्हणाले, पंधरा रुपये पेटीत टाका आणि मोकळे व्हा. पण आज पंधरा रुपयांत देवापुढे वाढवावयाचा नारळही येत नाही. कोणी व्याज मांडू लागले. कोणत्या दराने मांडावे यावर वाद झाला. सुभेदारकाकांच्या पाच हजारांतून प्रमाणाने काढावे, असेही एकाने सुचविले. धाकटे बंधू गप्प होते. त्यांनी ज्या लाखांची वाट पाहिली होती ते तर गेलेच, आणि आता वर देणे निघत होते. शेवटी आत्या बोलल्या.

"पुता, त्या काळचो रुपयो रुप्याचो आशिल्लो. देवाची वस्त घरांत दवरूं नये."

त्या बोलल्या आणि हिशेब सुटला. १९३० च्या सुमाराचा रुपया हा खरोखर चांदीचा होता. वजन बरोबर एक तोळा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली, ती पुढची गोष्ट. पणजोबांनी देवाला देणे लागत होते ते पंधरा अंकांचे नव्हते, पंधरा तोळे रुप्याचे होते. व्याजाचा वाद त्यात आपोआप मिटला, कारण रुप्याने आपली वाढ आपणच सांभाळली होती. सराफाकडचा आकडा पाच हजारांहून कितीतरी अधिक झाला. धाकट्या बंधूंनी कोणी न सांगता त्याचा तिसरा हिस्सा पुढे केला. आम्ही नको म्हटले. त्यांच्या घरची अडचण आम्हांस ठाऊक होती. ते म्हणाले, "दादा, त्या पिस्तुलाने माझे प्राण घेतले नाहीत. माझा हिस्सा घे." तेव्हा आम्हांस कळले, की कपाळाला लावलेली ती नळी त्यांनाही आठवत होती.

एकादशीच्या दिवशी देवस्थान समितीपुढे आम्ही गेलो. कीर्दी परत केल्या, कारण त्याही देवाच्याच होत्या. पंधरा तोळे चांदी पुढे ठेवली आणि स्मरणिकेतील आमचा लेख असत्य आहे असे लेखी निवेदन दिले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग अध्यक्षस्थानी असलेले वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "कथा चांगली होती हो." एवढेच. त्यांत उपहास नव्हता. थोडी हळहळ होती. चांदीची अभिषेकाची संततधार-पात्राची साखळी व कडी करून घ्यावी असे ठरले, कारण जुनी झिजली होती. पिस्तुलासाठी आम्ही परवाना मागितला नाही. ते सरकारजमा करण्याचा अर्ज दिला. काडतूसही रीतसर सोपविले गेले.

ज्यांच्या घरी असे एखादे जुने हत्यार असेल, त्यांना आमचे चार शब्द. परवान्याचा कागद आधी पाहावा आणि नसेल तर पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन सांगावे. ते रिकामे आहे यावर कोणाच्याही शब्दाखातर विश्वास ठेवू नये. स्वतः उघडण्याचाही प्रयत्न करू नये, जाणत्याच्या हाती द्यावे. घासू नये. आणि त्याची कथा सांगण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक उघडावी.

या वर्षी नवमीला पाट मांडला तेव्हा मधली जागा रिकामी राहिली. मुलांनी विचारले, तिथे काय ठेवायचे? आम्ही देवस्थानाची पावती ठेवली. तिच्यावर पणजोबांचे नाव घालून घेतले आहे, आणि खाली लिहिले आहे: बाकी काही नाही. फुले वाहिली, अक्षता वाहिल्या. हळदकुंकू मात्र तिला दुरूनच दाखविले, आणि पाणी शिंपडले नाही. एवढे शहाणपण आता आम्हांस आले आहे.